कफील कोणाला म्हणावे?

रमजान जवळ आला की आमच्या गावात पावतीपुस्तके फिरू लागतात. मदरशांची, मशिदींच्या बांधकामाची, यतीमखान्यांची. यतीमखान्याच्या पावतीवर बहुतेक वेळा पांढऱ्या टोप्या घातलेल्या लहान मुलांचा एक फोटो असतो आणि मागच्या बाजूला एक हदीस असते. यतीमचा सांभाळ करणारा माणूस जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल, हे हजरत मुहम्मद (स.) यांनी दोन बोटे शेजारी धरून दाखविले होते, ती ही हदीस. मी ती लहानपणापासून वाचत आलो आहे. पावती फाडून घेताना ती दोन बोटे डोळ्यांपुढे येतात आणि मनाला बरे वाटते. मात्र त्या फोटोतली मुले मोठी झाल्यावर कुठे जातात, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. तो एका मुलाने माझ्या दारात येऊन विचारला.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या शाळेत दरवर्षी यतीमखान्यातली दहा-बारा मुले असतात. ती वर्गात चटकन ओळखू येतात. त्यांचे केस एकाच दिवशी कापलेले असतात, दप्तरे एकाच रंगाची असतात आणि पालकसभेला त्यांच्यापैकी कोणाचेच कोणी येत नाही. हा मुलगा त्यांच्यातलाच. दहावीपर्यंत माझ्या वर्गात होता. पुढे तिथेच राहून त्याने बारावी केली. वडील तो चार वर्षांचा असताना गेले होते. आईने दुसरा निकाह केला होता आणि ती कर्नाटकातल्या एका खेड्यात होती. नव्या घरात याला जागा नव्हती.

२०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. रमजान दोन आठवड्यांवर आला होता. दुपारी दोनच्या उन्हात तो हातात पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिला. अठरा पूर्ण झाली म्हणून त्याला निरोप देण्यात आला होता. पेटीत दोन जोड कपडे, कुरआन शरीफची एक प्रत, मार्कलिस्ट आणि पाकिटात पाचशे रुपये. निरोप देणाऱ्यांनी त्याच्यासाठी दुआही केली होती. त्याने पाणी प्यायले आणि मला विचारले, "सर, खोली भाड्याने घेताना क्या बोलना पडता?"

मला आधी हसू आले. मग लक्षात आले की हा प्रश्न त्याने खरोखरच विचारला आहे. चौदा वर्षे तो घंटेवर उठला, घंटेवर जेवला, घंटेवर झोपला. त्याने कधी भाजी विकत आणली नव्हती. एका माणसाच्या महिन्याच्या जेवणाला किती पैसे लागतात, हे त्याला माहीत नव्हते. बँकेत खाते नव्हते. देणगीदार आले की रांगेत उभे राहून दुआ पढणे मात्र त्याला उत्तम येत होते. आभार कसे मानावेत हे त्याला शिकविले गेले होते. मागावे कसे, घासाघीस कशी करावी, नाही कसे म्हणावे, हे नव्हते.

मी बी.एड. केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्ये मी परीक्षेत ओळीने लिहिली आहेत. निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परिणामकारक संवाद साधणे वगैरे. त्या उत्तराला मला चांगले गुण पडले होते. आणि पाच वर्षे माझ्या समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाला घरमालकाशी दोन वाक्ये कशी बोलावीत हे ठाऊक नव्हते. यात यतीमखान्याचा जेवढा दोष, तेवढाच माझाही.

संध्याकाळी मी त्याला घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या एका हाजीसाहेबांकडे गेलो. त्यांच्या चाळीत एक खोली रिकामी होती. हाजीसाहेब सज्जन माणूस. यतीमखान्याला दरवर्षी दोन पोती तांदूळ देणारे. त्यांनी मुलाकडे पाहिले, चहा पाजला आणि मला म्हणाले, "मास्टरसाब, लडका अच्छा है, मानता हूँ. लेकिन जिम्मेदार कौन?"

मी म्हणालो, "मैं पहचानता हूँ इसको."

"पहचानते तो हम भी हैं. कागज पे सही कौन करेगा?"

मी गप्प बसलो. नोकरी नवीन होती, पगारातून कर्जाचा हप्ता कापला जात होता. उद्या याने भाडे दिले नाही, काही भलतेसलते केले, तर? मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. मुलगा शहाणा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "रहने दो सर." त्या रात्री तो आमच्याकडे झोपला. सकाळी मी त्याला दोनशे रुपये आणि माझा एक बरा शर्ट दिला. तो पुण्याला एका बेकरीत कामाला गेला. बेकरीतच राहायचे, बेकरीतच झोपायचे. म्हणजे पुन्हा एक छप्पर, पुन्हा एक घंटा.

त्या वर्षी मी जकात दिली, फितरा दिला, पावती फाडली. पावतीमागची हदीस वाचली आणि पहिल्यांदाच अडखळलो. हदीसमधला शब्द 'काफिल' असा आहे. त्याच धातूपासून कफालत आणि कफील हे शब्द आले आहेत. कफील हा शब्द आपल्याला चांगलाच परिचयाचा आहे. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली माणसे आखातात कामाला गेली आहेत, आणि ज्याच्या नावावर तिथे राहायचे, ज्याने आपली जबाबदारी कागदावर घ्यायची, त्याला कफील म्हणतात हे शाळकरी पोरालाही माहीत असते. फिक्हच्या ग्रंथांत तर कफाला हे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याचा अर्थ दुसऱ्याच्या देण्याबद्दल जामीन राहणे. मग यतीमचा कफील म्हणजे नुसता जेवू घालणारा कसा? त्याच्यासाठी जो जामीन राहतो, तो कफील. हाजीसाहेबांच्या बैठकीत माझ्याकडे नेमकी तीच गोष्ट मागितली गेली होती आणि मी तिच्याऐवजी शर्ट दिला होता.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. आपले कर्तव्य कुठवर? हदीसमध्येच असे आले आहे की बालिग झाल्यानंतर यतीमपण उरत नाही. मग अठरा वर्षांच्या धडधाकट तरुणाला यतीम म्हणून पोसत राहणे, हे धर्माला धरून आहे का? आणि त्याच्या स्वाभिमानाला धरून तरी आहे का?

याचे उत्तर शोधताना मी सूरह निसाच्या सहाव्या आयतीपाशी थांबलो. यतीमांची मालमत्ता त्यांच्या हवाली केव्हा करावी, याबद्दलचा तो आदेश आहे. तिथे दोन अटी आहेत, एक नाही. मुलाने निकाहचे वय गाठलेले असावे आणि त्याच्यात 'रुश्द', म्हणजे व्यवहाराची समज, आढळून यावी. वय आपोआप येते. समज आपोआप येत नाही. म्हणूनच आयतीची सुरुवात यतीमांना पारखत राहा, त्यांची आजमाईश करा, या आज्ञेने होते. काही मुफस्सिरांनी याचा अर्थ असा सांगितला आहे की मूल लहान असतानाच त्याच्या हाती थोडी रक्कम द्यावी, त्याला खरेदी-विक्री करू द्यावी आणि तो काय करतो ते पाहावे. पालकाच्या देखरेखीखाली, थोडे नुकसान सोसायची तयारी ठेवून. आज ज्याला आपण स्वतंत्र जीवनाची पूर्वतयारी म्हणतो, ती याहून वेगळी काय आहे?

समज आलीच नाही तर काय, यावर फकीहांमध्ये मतभेद झाले. इमाम अबू हनीफांनी पंचवीस वर्षे ही मर्यादा मानली. त्यानंतर माल अडवून ठेवता येणार नाही, असे त्यांचे मत. त्यांचेच शागीर्द इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद म्हणाले, समज येईपर्यंत थांबावे, मग कितीही वर्षे लागोत. हा वाद मालमत्तेबद्दलचा आहे, हे मला कळते. आमच्या मुलांकडे मालमत्ता कुठली? पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या दिवशी आवाज फुटला त्या दिवशी पालकाची जबाबदारी संपली, असे त्या बुजुर्गांपैकी कोणालाही वाटले नव्हते.

हजरत मुहम्मद (स.) यांचे स्वतःचे आयुष्य पाहा. जन्माआधी वडील गेले. सहाव्या वर्षी आई गेली. आठव्या वर्षी आजोबा गेले आणि चुलते अबू तालिब यांनी त्यांना घरी नेले. अबू तालिब मालदार नव्हते, घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती. सीरतच्या पुस्तकांत येते की त्यांनी पुतण्याला व्यापाराच्या काफिल्यात बरोबर नेले. पंचवीस वर्षांच्या वयात हजरत खदीजा (रजि.) यांच्याशी निकाह झाला तेव्हा घरचे वडीलधारे म्हणून तेच उभे होते. पुढे कुरैशांनी बहिष्कार टाकला, तेव्हाही ते पुतण्याच्या मागे उभे राहिले. त्यांचा इंतकाल झाला तेव्हा पुतण्याने पन्नाशी गाठली होती. म्हणजे ही कफालत चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. कुरआननेही सूरह दुहामध्ये प्रेषितांना त्यांच्या यतीमपणाची आठवण करून दिली, ती वयाची चाळिशी उलटल्यावर. यतीमपण कायद्याने संपते, आठवणीतून संपत नाही, हे यापेक्षा चांगले कोण सांगणार?

आता आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो तेही पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे. अठरा पूर्ण झाल्यावर एकवीस वर्षांपर्यंत हा आधार देता येतो. २०१६ च्या नियमांनुसार अपवाद म्हणून तो तेवीसपर्यंत वाढविता येतो. २०२२ मध्ये आलेल्या मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा चार हजार रुपये ठरविले आहेत. प्रत्येक मुलाची स्वतंत्र संगोपन योजना तयार करावी, असेही कायदा सांगतो. हे सारे चांगले आहे. पण कलम ४६ मधले क्रियापद पाहण्यासारखे आहे. मुलाला आर्थिक साहाय्य 'देता येईल', असे ते कलम म्हणते. 'दिले पाहिजे' असे म्हणत नाही. शिवाय या वाटेने जायचे तर संस्था नोंदणीकृत हवी, मुलगा बाल कल्याण समितीपुढे गेलेला हवा, त्याचे कागद हवेत. आपल्या किती यतीमखान्यांतल्या किती मुलांचे कागद पुरे असतात, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. ज्यांच्या आई-वडिलांचा, नातेवाइकांचा पत्ताच नाही अशा मुलांचा विचार करून तो निर्णय आला. नंतर त्यात बदल होत गेले. माझ्या दारात आलेल्या मुलाची आई हयात होती. शरीयतच्या व्याख्येत तो यतीम होता, कारण त्याचे वडील वारले होते. पण बालिग झाल्यावर ते यतीमपण संपले. शासनाच्या त्या निर्णयातला अनाथ तो मुळात कधी नव्हताच. दोन्ही व्याख्यांच्या मधल्या जागेत तो पत्र्याची पेटी घेऊन उभा होता.

यतीमखाने चालविणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मी एका मुंतजिमसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, "मास्टर, माझ्याकडे साठ खाटा आहेत. अठरा वर्षांच्या पोराला ठेवला तर सहा वर्षांच्या पोराला परत पाठवावे लागते. तुम्ही सांगा, कोणाला ठेवू?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लहान मुलाचा हक्क पहिला, हे मान्यच करावे लागेल. पण विचार करता असे वाटते की हा प्रश्न खाटेचा आहे, कफालतीचा नाही. आपली मुले शिकायला बाहेरगावी जातात तेव्हा घरातली त्यांची खाट धाकटा भाऊ घेतो. म्हणून काही त्यांचे घर सुटत नाही. खाट सोडणे आणि माणूस सोडणे यात फरक आहे.

आणि पैशांचे म्हणाल तर जकातीची अडचण नाही. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यात यतीम हा वेगळा वर्गच नाही. यतीम मुलाला जकात मिळते ती तो गरीब आहे म्हणून. मग अठराव्या वाढदिवशी त्याची गरिबी संपते काय? उलट त्या दिवशीच ती खऱ्या अर्थाने सुरू होते. हनफी मसलकप्रमाणे जकात अदा व्हायची तर ती गरजूच्या मालकीत गेली पाहिजे. त्या मालकीच्या तत्त्वात माणसाचा मान आहे, आणि आपण मुलाच्या हातात अठरा वर्षे एक रुपयाही पडू देत नाही.

मुलींच्या बाबतीत तर आपण विचारच केलेला नाही. अठरा झाली की निकाह, आणि इज्तिमाई निकाहच्या मंडपात नाव घातले की जबाबदारीतून मोकळे. आयतीतल्या दोन अटींपैकी पहिलीच आपण वाचली, दुसरी सोडून दिली. मराठीत माहेर असा एक सुंदर शब्द आहे. आपल्या घरांतही तो रुळला आहे. माहेर म्हणजे काय? मुलगी दिल्यानंतरही जे दार उघडे राहते ते. पहिल्या बाळंतपणाला जिथे जायचे, भांडण झाले तर जिथे बॅग टाकायची, ते. यतीमखान्यातून सासरी गेलेल्या मुलीचे माहेर कुठे असते? सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांच्या कामाची थोरवी मला यातच दिसते. त्यांनी मुले वाढवलीच, पण ती मोठी झाल्यावरही त्यांचे नाते तोडले नाही. जावई आणि सुना मोजत राहिल्या. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली दिव्यांग मुले सांभाळली आणि अशा मुलांना अठरानंतरही संस्थेत राहता यावे, अशी मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक अंध मुलगी एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली.

आमच्या शाळांत मोहम्मद अली शिहाब यांचे नाव नेहमी घेतले जाते. केरळमधल्या मुक्कमच्या मुस्लिम यतीमखान्यात ते वाढले आणि २०११ मध्ये आयएएस झाले. मीही वर्गात त्यांची गोष्ट सांगतो. पण सांगताना आता थोडा संकोच वाटतो. जो शिहाब होईल, त्याचे सगळेच होतात. जो होणार नाही, जो बेकरीत पाव भाजेल, गॅरेजमध्ये काम करील, त्याच्यामागे कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे. आपण यतीमकडून असामान्यपणाची अपेक्षा धरतो, आणि साधे, ठीकठाक आयुष्य जगण्याची सोय मात्र करीत नाही.

२०२२ मध्ये असाच दुसरा मुलगा आला. त्या वेळी मी कागदावर सही केली. कुणाला वाटेल की आता गोड शेवट येणार, म्हणून खरे ते सांगतो. पहिले चार महिने त्याने भाडे दिले. मग हप्त्यावर एक महागडा मोबाईल घेतला आणि दोन महिन्यांचे भाडे थकविले. घरमालक माझ्याकडे आले. मी पाच हजार रुपये भरले. घरात बोलणी झाली. पत्नी म्हणाली, "आपल्या घरात काय कमी खर्च आहेत का?" तिचे चुकले नव्हते. मी त्या मुलाला खूप बोललो. "तुम लोगों को..." असे म्हणून मी वाक्य सुरू केले आणि मध्येच थांबलो. तुम लोग म्हणजे कोण लोग?

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या फीचे पैसे मोटारसायकलवर उडविले होते. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फी भरली. त्या गोष्टीवर आज आम्ही ईदला हसतो. घरातल्या पोराने केली ती नादानी, आणि यतीमने केली ती त्याच्या वाढीतली खोट, असा हिशेब मी लावीत होतो. त्या दिवशी मला कळले की स्वावलंबी होणे म्हणजे चुका न करणे नव्हे. ज्याच्या पाठीशी कोणी आहे, त्याची चूक पचते आणि तिच्यातून तो शिकतो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याची पहिलीच चूक शेवटची ठरते. आपण आपल्या मुलांना घर, शिक्षण, नाव देतो. पण सगळ्यात मोठी गोष्ट जी देतो ती म्हणजे चुकण्याची मुभा. यतीमला आपण सगळे काही देऊ, तेवढी एक देत नाही.

त्या मुलाने पाचापैकी तीन हजार परत केले आहेत. उरलेले मी मागितलेले नाहीत आणि माफही केलेले नाहीत. अधूनमधून त्याची आठवण करून देतो. तो हसतो आणि म्हणतो, "देतो सर." भावासारखाच.

फार मोठ्या गोष्टींची गरज आहे असे मला वाटत नाही. चौदाव्या वर्षापासून मुलाच्या हाती महिन्याला थोडी रक्कम द्यावी आणि हिशेब त्यालाच ठेवू द्यावा. आठवड्यातून एकदा बाजारात पाठवावे. आधार, रहिवासी दाखला, बँकेचे खाते हे निरोपाच्या आधी पुरे व्हावे, नंतर नव्हे. आणि प्रत्येक मुलामागे मोहल्ल्यातले एक घर असावे. त्या घराने पैसे दिले नाहीत तरी चालेल. त्याने मुलाचे नाव, त्याची परीक्षा, त्याचे आजारपण आणि त्याची नोकरी ठाऊक ठेवावी, आणि वेळ आली की सही करावी.

पुण्याच्या मुलाचा मागच्या वर्षी फोन आला. दाखल्याच्या नकलेबद्दल काही विचारायचे होते. बोलता बोलता मी विचारले, ईदला कुठे असतोस? म्हणाला, "नमाज पढून येतो सर आणि झोपतो. बेकरी बंद असते ना." आपल्या प्रत्येकाच्या घरी त्या दिवशी शीरखुर्म्याचे पातेले इतके मोठे असते की संध्याकाळपर्यंत शेजारी वाटून संपत नाही. मी त्याला म्हणालो, यंदा इकडे ये. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, खरंच येऊ?"

सात वर्षांपूर्वी जी सही करायची राहिली, ती अशी परत करता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी त्याला एसटीच्या वेळा सांगितल्या.